डिश आधी रिकामी करा : मेंदूच्या पेशींवर हार्मोनचा परिणाम कल्चरमध्ये कसा तपासायचा

सहा डिश होत्या. तीनमध्ये टी-३, म्हणजे थायरॉइडचं प्रत्यक्ष काम करणारं हार्मोन घातलेलं. तीनमध्ये काहीच नाही. पेशी रॅटच्या नवजात पिलांच्या मेंदूच्या बाह्यकातल्या, म्हणजे बाहेरच्या थरातल्या, डिशमध्ये वाढवलेल्या; यालाच कल्चर म्हणतात. सातव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर सहाही डिशमधले तंतू सारखेच लांब, सारखेच फुटलेले. राधानगरीकडून रोज एसटीनं येणारी माझी विद्यार्थिनी गप्प बसून होती. टी-३ ची पावडर जुनी असेल म्हणून आम्ही नवी मागवली. पुन्हा तेच. महिना गेला.

चूक सापडली ती फ्रीजच्या दारात. चेतापेशी जगवण्यासाठी मीडियात, म्हणजे पेशी ज्यात वाढतात त्या पोषक द्रवात, बी-२७ नावाचं तयार मिश्रण घालतात. त्याच्या घटकांची यादी तिनं एका संध्याकाळी ओळीनं वाचून काढली. इन्शुलिन, प्रोजेस्टेरॉन, कॉर्टिकोस्टेरॉन, आणि टी-३. म्हणजे महिनाभर आम्ही टी-३ ची तुलना टी-३ शीच करत होतो.

कोल्हापूर-सांगली-साताऱ्याच्या छोट्या प्रयोगशाळांत पहिल्यांदाच असं काम हाती घेणाऱ्या एमएस्सी-पीएचडीच्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. हार्मोन घालणं सोपं आहे. आधीपासून डिशमध्ये असलेली हार्मोन्स काढणं हे खरं काम आहे, आणि लेखाचा मोठा भाग त्यावरच खर्च होणार आहे.

प्रश्न एका वाक्यात लिहा

‘हार्मोनचा मेंदूवर परिणाम’ हा प्रयोगाचा प्रश्न होत नाही. एक हार्मोन, एक प्रकारची पेशी, एक कालावधी आणि मोजायची एक गोष्ट, एवढं वहीच्या पहिल्या पानावर हवं. उदाहरणार्थ : ‘चौथ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान टी-३ मिळालं, तर चेतापेशीच्या तंतूंची एकूण लांबी वाढते का?’

कालावधी का, ते थायरॉइडच्या उदाहरणावरून लगेच कळतं. गर्भाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्यानंतर हार्मोन बनवू लागते. त्याआधी बाळाचा मेंदू आईच्या हार्मोनवर अवलंबून असतो. गरोदरपणात थायरॉइडची गोळी चुकवू नका असं डॉक्टर बजावतात ते यासाठी. जन्मजात थायरॉइड कमी असलेलं बाळ जगभरात सुमारे २००० ते ४००० जन्मांमागे १ असतं. त्याला पहिल्या काही आठवड्यांत औषध सुरू झालं तर बुद्धीची वाढ बहुतांशी सुरळीत होते. उशिरा दिलं तर झालेलं नुकसान पूर्ण भरून येत नाही. हार्मोन तेच, परिणाम वेळेवर ठरतो. डिशमध्येही तसंच. पहिल्या दिवशी घातलेलं टी-३ आणि दहाव्या दिवशी घातलेलं टी-३ हे दोन वेगळे प्रयोग समजा.

मग जिवंत प्राणी सोडून डिश कशाला? प्राण्याची थायरॉइड बंद केली की त्याची भूक, वाढ, शरीराचं तापमान सगळंच बदलतं. मेंदूत दिसलेला बदल हार्मोनमुळे की कमी खाण्यामुळे, हे सुटं करता येत नाही. डिशमध्ये एका वेळी एकच गोष्ट बदलता येते. अट एवढीच, की बाकीचं खरोखर तसंच राहिलं पाहिजे.

पेशी निवडताना आधी रिसेप्टर पाहा

सुरुवात सेल लाइनपासून, म्हणजे डिशमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहणाऱ्या पेशींपासून करावी असं माझं स्पष्ट मत आहे. प्राणी मारावे लागत नाहीत आणि चुका स्वस्तात होतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून सेल लाइन मागवता येतात. ताज्या पेशी हव्या असतील तर संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी हातात आल्याशिवाय एकाही पिलाला हात लावायचा नाही.

पण सेल लाइन घेतली आणि हार्मोन ओतलं, असं करू नका. ज्या पेशीत त्या हार्मोनचा रिसेप्टरच, म्हणजे त्याला ओळखून पकडणारं प्रथिनच, नाही किंवा अगदी कमी आहे, ती पेशी ऐकणार कशी? उंदराच्या न्यूरो-२ए पेशींचं उदाहरण बघा. त्यांच्यात थायरॉइडचा बीटा-१ रिसेप्टर मुद्दाम जास्त प्रमाणात बनवून घेतला, तेव्हा टी-३ मिळताच त्यांचं विभाजन थांबलं आणि त्या चेतापेशींसारख्या दिसू लागल्या. हे काम १९९४ मधलं. म्हणून आधी आपल्या पेशींतून आरएनए काढून, आरटी-पीसीआर करून रिसेप्टर आहे का ते पाहून घ्या. दोन दिवसांचं काम आहे, सहा महिने वाचतात.

माणसाच्या एसएच-एसवाय-५वाय पेशी आपल्याकडे फार वापरल्या जातात. त्यांना चेतापेशीचं रूप देण्यासाठी १० मायक्रोमोलर रेटिनॉइक ॲसिड पाच-सात दिवस देण्याची पद्धत रूढ आहे. टी-३ तपासायचं असेल तर इथे सावध राहा. रेटिनॉइक ॲसिडचा रिसेप्टर आणि टी-३ चा रिसेप्टर, दोघेही डीएनएवर बसताना आरएक्सआर या एकाच जोडीदाराचा हात धरतात. दोन्ही एकत्र दिली तर दिसलेला परिणाम कोणाचा, ते सांगता येणार नाही.

ताज्या पेशींचं कल्चर करणार असाल तर डिशमध्ये नुसत्या चेतापेशी आहेत की त्यांना आधार देणाऱ्या ॲस्ट्रोसाइट पेशीही आहेत, हे पक्कं माहीत हवं. रक्तात जास्त असतं ते थायरॉइडचं दुसरं हार्मोन, टी-४. मेंदूत त्याचं टी-३ करण्याचं काम मुख्यतः ॲस्ट्रोसाइटमधलं डीआयोडिनेज-२ हे एन्झाइम करतं. चेतापेशींत असतं ते डीआयोडिनेज-३, आणि ते उलट टी-३ निकामी करतं. म्हणजे शेजारीण स्वयंपाक करून वाढणारी आणि चेतापेशी आयत्या ताटावर बसणारी. शेजारीण काढून टाकलीत तर टी-४ कितीही ओता, चेतापेशीच्या केंद्रकापर्यंत टी-३ फारसं पोचणार नाही.

डिश रिकामी करणं

हार्मोन चार वाटांनी चोरपावलांनी येतं. चारही बंद करायच्या.

पहिली वाट सीरम. गाईच्या गर्भाच्या रक्ताचं सीरम म्हणजे हार्मोनची खिचडी. त्यात थायरॉइडची हार्मोन्स असतात, स्टेरॉइड असतात, इन्शुलिनसारखे वाढीचे घटक असतात, आणि प्रत्येक बॅचमध्ये प्रमाण वेगळं. डेक्सट्रानचा थर दिलेल्या कोळशानं सीरम ‘स्ट्रिप’ केलं की एस्ट्रॅडिऑल, कॉर्टिसोल असली स्टेरॉइड बरीचशी निघून जातात. थायरॉइडसाठी मात्र आयन-एक्स्चेंज रेझिनची पद्धत वापरतात. ती १९७९ पासून चालत आली आहे. तयार स्ट्रिप केलेलं सीरम विकत मिळतं, पण ते कशासाठी स्ट्रिप केलंय ते लेबलवर वाचा. कोळसा हार्मोनबरोबर काही जीवनसत्त्वं आणि वाढीचे घटकही ओढून नेतो, त्यामुळे पेशी जरा मंदावतात. म्हणून कंट्रोल डिशलाही, म्हणजे तुलनेसाठी हार्मोनशिवाय ठेवलेल्या डिशलाही, तेच सीरम, त्याच बाटलीतलं. साधं सीरम कंट्रोलला आणि स्ट्रिप केलेलं प्रयोगाला, असं मी प्रबंधांत पाहिलं आहे. त्या तुलनेला काही अर्थ उरत नाही.

दुसरी वाट तयार मिश्रणं. बी-२७ ची कहाणी वर सांगितलीच. एन-२ हे साधं मिश्रण बॉटेनस्टाइन आणि सातो यांनी १९७९ मध्ये दिलं : इन्शुलिन, ट्रान्सफेरिन, प्रोजेस्टेरॉन, प्युट्रेसिन आणि सेलेनियम. त्यात प्रोजेस्टेरॉन २० नॅनोमोलर असतं. स्टेरॉइडवर काम करणाऱ्यानं ते वगळून बाकीचे चार घटक स्वतः मिसळावेत. अजिबात अवघड नाही. टी-३ वर काम करायचं आणि पेशी बी-२७ शिवाय तग धरत नसतील, तर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेली एनएस-२१ ही २१ घटकांची कृती घ्या. तिच्यातही टी-३ आहे, पण सगळं आपल्या हातानं मिसळायचं असल्यामुळे नको ते गाळता येतं. आम्ही आता हेच करतो. पहिल्यांदा दोन दिवस जातात, त्यानंतर छोट्या नळ्यांत भरून फ्रीझरला ठेवून द्यायचं.

तिसरी वाट मीडियाचा लाल-गुलाबी रंग. फिनॉल रेड आम्लता दाखवतं म्हणून घातलेलं असतं, पण ते सौम्य एस्ट्रोजेनसारखं वागतं, हे १९८६ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर दिसून आलं. एस्ट्रोजेनच्या प्रयोगाला फिनॉल रेड नसलेलाच मीडिया घ्या. तोटा एवढाच, की मीडिया पिवळा पडला की पेशींचं बिनसलंय हे नजरेला कळायचं, ते आता कळत नाही. त्यावर आमचा उपाय असा : त्याच दिवशी, त्याच पेशींची एक जास्तीची डिश रंगीत मीडियात टाकायची. तिचे आकडे मोजायचे नाहीत. ती फक्त राखणीला.

चौथी वाट प्लॅस्टिक. स्वस्त बाटल्यांतून बिस्फेनॉल-ए सारखी एस्ट्रोजेनसारखी वागणारी द्रव्यं उतरू शकतात. उलट दिशेनं, स्टेरॉइड प्लॅस्टिकला चिकटतात आणि तुम्ही घातलेलं हार्मोन पेशीऐवजी भिंतीवर जाऊन बसतं. हार्मोनचा स्टॉक, म्हणजे तीव्र द्रावण, काचेच्या छोट्या बाटलीतच ठेवा.

एवढं केल्यावर आणखी दोन दिवस पेशी रिकाम्या मीडियात राहू द्या, म्हणजे आतलं उरलंसुरलंही ओसरतं.

स्टॉकचं गणित

एस्ट्रॅडिऑलचा रेणुभार २७२.४. म्हणून २.७२ मिलिग्रॅम पावडर १ मिलिलिटर शुद्ध इथेनॉलमध्ये विरघळवली की १० मिलिमोलर स्टॉक तयार. तो इथेनॉलमध्येच हजारपट पातळ करा : १० मायक्रोमोलर. यातलं १ मायक्रोलिटर दर मिलिलिटर मीडियाला घातलं की शेवटी १० नॅनोमोलर एस्ट्रॅडिऑल आणि ०.१ टक्के इथेनॉल. हजारपट एका उडीत करू नका. आधी शंभरपट, मग दहापट. एक मायक्रोलिटर पिपेटनं उचलताना होणारी चूक पुढे सगळीकडे पसरते.

टी-३ चा रेणुभार ६५१. डीएमएसओ या द्रावकामध्ये ६.५१ मिलिग्रॅम दर मिलिलिटर म्हणजे १० मिलिमोलर. बाटलीवर ‘सोडियम सॉल्ट’ लिहिलं असेल तर रेणुभार ६७३ धरा. लहान वाटे करून, फॉइल गुंडाळून उणे २० अंशाला ठेवा, आणि एकदा वितळवलेला वाटा परत गोठवू नका.

मात्रा ०, १, १० आणि १०० नॅनोमोलर ठेवायच्या, तर प्रत्येक मात्रेचा हजारपट तीव्र स्टॉक वेगळा करा, म्हणजे प्रत्येक डिशला सॉल्व्हंट (द्रावक) सारखाच ०.१ टक्के जातो. शून्याच्या डिशलाही तेवढाच. एकाच स्टॉकमधून कुठे १ आणि कुठे १० मायक्रोलिटर घातलं, तर तुम्ही इथेनॉलचाच परिणाम मोजत बसाल.

मात्रेबद्दल एक गोष्ट फार जण विसरतात. रक्तात एकूण टी-३ साधारण १ ते ३ नॅनोमोलर असतं, पण त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त प्रथिनांना बांधलेलं. मोकळं उरतं ते काही पिकोमोलर (पिकोमोलर म्हणजे नॅनोमोलरचा हजारावा भाग). सीरम नसलेल्या मीडियात बांधून ठेवायला जवळपास कोणी नाही. तिथले १० नॅनोमोलर सगळे मोकळे. म्हणून ‘शरीराइतकीच मात्रा दिली’ असं लिहिण्याआधी हा हिशेब करा.

कोल्हापुरात हे करताना

पाऊस हा आमचा सर्वांत मोठा शत्रू. जून ते सप्टेंबर बुरशी हवेतच असते. एका जुलैत आमच्या डिशमध्ये तिसऱ्या दिवशी पांढरे धागे दिसायचे आणि आम्ही हूड, म्हणजे निर्जंतुक काम करायची पेटी, पुसत बसायचो. शेवटी प्रयोगशाळेतले मामा म्हणाले, “मॅडम, त्या खालच्या ट्रेतल्या पाण्याला वास यायलाय बघा.” इन्क्युबेटरची हवा ओलसर राहावी म्हणून खाली पाण्याचा ट्रे असतो; बुरशी तिथेच होती. आता दर सोमवारी ट्रे बाहेर, ऑटोक्लेव्ह केलेलं पाणी आत, आणि आतल्या भिंती ७० टक्के इथेनॉलनं पुसायच्या. प्रतिजैविकं घालून भागवू नका, त्यांनी संसर्ग दबून राहतो. मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू तर डोळ्यांना दिसतच नाही. दर दोन महिन्यांनी पीसीआर करा.

उन्हाळ्यात उलट. प्लेटच्या कडेच्या खणांतलं पाणी उडतं आणि हार्मोन आपोआप तीव्र होतं. कडेचे खण नुसत्या बफरनं भरा, पेशी मधल्या खणांत.

इन्क्युबेटरला लागणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर शहरात सहज मिळतो, कारण शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत वाळूचे कोअर घट्ट करायला तोच वायू लागतो. पण फाउंड्रीला चालणारा वायू पेशींना चालेलच असं नाही. शुद्धतेचा दाखला मागा आणि नळीला ०.२ मायक्रॉनचा फिल्टर लावा. पेशी गोठवून ठेवायला द्रवरूप नायट्रोजनही दुर्मिळ नाही. हा दुधाचा पट्टा, जनावरांच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात.

गोठवलेला माल पुण्याहून येतो, सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक बंद पडली. तेव्हापासून सीरम आणि हार्मोन मे महिन्यातच मागवून ठेवायचं, आणि इन्क्युबेटर इन्व्हर्टरवर.

सात दिवस

सुरुवातीला पेशी चिकटून राहाव्यात म्हणून पॉलि-लायसिनचा थर दिलेल्या काचांवर त्या टाका. घनता सगळीकडे एकच ठेवा, कारण दाटीत पेशी एकमेकींना वाढवतात आणि तो परिणाम हार्मोनचा वाटतो. दुसऱ्या दिवशी मीडिया काढून रिकामा मीडिया घाला. चौथ्या दिवशी हार्मोन. नंतर दर दोन दिवसांनी निम्मा मीडिया बदलायचा, नव्या मीडियात हार्मोन ठरल्या मात्रेचं. पेशी हार्मोन खातात, मोडतात. एकदाच घालून चार दिवस सोडलं तर शेवटी किती उरलं ते देवाला ठाऊक. शेवटी ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडनं १५ मिनिटं स्थिर करा. चेतापेशींसाठी बीटा-३ ट्यूब्युलिन, डेंड्राइटसाठी (संदेश घेणाऱ्या फांद्यांसाठी) मॅप-२, ॲस्ट्रोसाइटसाठी जीएफएपी यांची प्रतिपिंडं वापरून रंगवा.

रंगवण्याच्या आधी, हार्मोन घातल्यावर दुसऱ्या दिवशी एकदा नुसत्या फेज कॉन्ट्रास्टखाली निवांत बघा. तंतूच्या टोकाला बेडकाच्या पंजासारखा पसरट भाग दिसेल, बारीक बोटं पुढे-मागे करणारा. १९०७ मध्ये रॉस हॅरिसननं लसिकेच्या थेंबात बेडकाच्या चेतापेशी वाढवल्या, तेव्हा त्याला हेच टोक पुढे सरकताना दिसलं होतं. वीस मिनिटं खुर्ची सोडू नका. आकड्यांत जे येणार आहे, ते आधी डोळ्यांना कळलेलं बरं.

मोजणं

काचांवरची नावं दुसऱ्या कोणीतरी झाकून क्रमांक द्यायचे, आणि क्रमांकांची चावी मोजणाऱ्याकडे नसावी. हे टाळलंत तर बाकी सगळं व्यर्थ. इमेजजे हे सॉफ्टवेअर मोफत आहे. पेशीच्या देहाच्या व्यासाच्या दुपटीहून लांब असेल तोच तंतू धरायचा, असा एक नियम ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. फांद्यांची गुंतागुंत मोजायला शोल विश्लेषण वापरा. १९५३ ची पद्धत, पेशीभोवती वाढती वर्तुळं काढून प्रत्येक वर्तुळाला किती फांद्या छेदतात ते मोजायचं.

एकाच वेतातल्या, म्हणजे एका मादीला एका खेपेस झालेल्या, पिलांपासून केलेल्या बारा डिश म्हणजे बारा प्रयोग नव्हेत, एकच. किमान तीन वेगवेगळी वेतं किंवा सेल लाइनचे तीन वेगळे पॅसेज (नव्या डिशमध्ये लावलेल्या पेशींच्या पुढच्या खेपा), वेगवेगळ्या आठवड्यांत केलेले, हवेत.

निकाल वाचताना

तंतू वाढले म्हणजे हार्मोननं वाढवले, असं लगेच म्हणू नका. पेशी जास्त जगल्या असतील. जिवंत पेशींची मोजणी वेगळी ठेवा. एस्ट्रॅडिऑलच्या प्रयोगात फुल्वेस्ट्रंट, कॉर्टिकोस्टेरॉनच्या प्रयोगात मिफेप्रिस्टोन, असा रिसेप्टर अडवणारा पदार्थ घातल्यावर परिणाम जातो का ते पाहा. मिफेप्रिस्टोन प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टरही अडवतो, हे लक्षात ठेवून.

‘वाढ’ म्हणजे प्रत्येक वेळी लांब तंतू नव्हे. ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वज पेशी टी-३ नसेल तर विभागत राहतात. टी-३ मिळालं की थांबतात आणि मायलिन, म्हणजे चेतातंतूंवरचं आवरण, बनवणाऱ्या पेशी होतात. बेन बॅरेस आणि मार्टिन रॅफ यांच्या १९९४ च्या कामात हे दिसलं. म्हणजे टी-३ च्या डिशमध्ये पेशी कमी दिसल्या तर त्या मेल्याच असं समजू नका. अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीच्या क्रोमाफिन पेशी मेंदूच्या नव्हेत, पण चेतापेशींच्याच भावकीतल्या. चेतावृद्धी घटक मिळाला की त्या तंतू काढतात आणि ग्लुकोकॉर्टिकॉइड हे तंतू रोखतं, हे १९७८ मध्ये दिसलं. तिथे तंतू न फुटणं हाच हार्मोनचा परिणाम.

एस्ट्रोजेनवर काम करणाऱ्यांना शेवटचं सांगणं. डॉमिनिक टोरान-अलेरँड यांनी १९७६ मध्ये नवजात उंदराच्या हायपोथॅलॅमसचे काप कल्चरमध्ये ठेवून एस्ट्रॅडिऑल दिलं, तेव्हा तंतूंची जोरदार वाढ दिसली. पण सगळीकडे सारखी नाही, ठरावीक भागांतच. त्यातच नर पिलाच्या मेंदूत टेस्टोस्टेरॉनपासून एस्ट्रॅडिऑल तयार होतं, म्हणजे नराच्या पेशी जन्माआधीच ते चाखून आलेल्या असतात. नर आणि मादी पिलांच्या पेशी एकत्र केल्यात तर दोन वेगळे इतिहास एका डिशमध्ये येतात. पिलं लिंगानुसार वेगळी करा आणि डिशवर तसं लिहा.

आमच्या त्या सहा डिश आम्ही टी-३ गाळलेल्या मीडियात पुन्हा केल्या. या वेळी चावी मामांच्या खिशात होती. मोजणी संपल्यावर विद्यार्थिनीनं त्यांच्याकडून चिठ्ठी घेतली आणि क्रमांक जुळवले : लांब तंतूंच्या तीनही काचा टी-३ च्या निघाल्या. तिनं वहीत तारीख टाकली आणि दुसऱ्या वेतासाठी पॉलि-लायसिन बाहेर काढलं.